गावचा जावई

सगळ्यांत शेवटी हसला तो माणूस आमच्या घरचा होता. योगेश बोलला, महेशभाऊ हसले, आल्हाद मोबाइलमधून मान वर न काढता हसला, पलीकडच्या टेबलावरची अनोळखी माणसंही वळून बघायला लागली. आणि ते सगळं ओसरल्यावर, रश्शाचा घोट घशात अडकावा तसं खाकरून, हेसुद्धा हसले. हे म्हणजे माझे यजमान, सर्जेराव. योगेश म्हणाला होता, "अरे, जगातलं सगळ्यात स्वस्त सायनिंग आपल्या नवजवाननं केलंय. भिमाजी मॅनेजरनं भाची दिली आन् सेंटर फॉरवर्ड घेतला. ट्रान्सफर फी आपल्यासमोर बसलीय बघा, पापड मोडतेय." मी खरोखरच पापड मोडत होते. हातातला तुकडा मी मिसळीत टाकणार होते, तो ताटलीच्या कडेला ठेवला. मला राग आला नाही. राग यायला समोरचा माणूस निदान खांद्याइतका उंच असावा लागतो. योगेश प्लॉट विकतो, गळ्यात जाड साखळी घालतो आणि ज्या वर्षाविषयी बोलत होता त्या वर्षी तो जन्मालाही आला नव्हता. त्याला हे त्याच्या बापानं सांगितलं असणार, आणि त्याच्या बापाला ऑफसाइड कशाला म्हणतात ते मरेपर्यंत कळलं नाही. पण हे हसले. उशिरा हसले, बाकीचे हसताहेत म्हणून हसले, आणि हसताना माझ्याकडे बघायचं टाळलं. तेवढंच कुठेतरी खुपलं, दातात बडीशेप अडकते तसं, आणि मग मिसळीवर लक्ष लागेना.

रविवारी सकाळी आठ वाजता या मिसळीच्या हॉटेलमागच्या हिरवळीवर नवजवान फुटबॉल क्लब, विहितगाव, याचे जुने चाहते जमले होते ते एक चेहरा ठरवायला. वालदेवीच्या काठचं मैदान आता बंदिस्त झालंय, रस्त्याच्या बाजूला लांबलचक भिंत उभी राहिलीय, आणि त्या भिंतीवर एका खेळाडूचा चेहरा रंगवायचा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सिन्नर फाट्यापर्यंत दिसेल एवढा मोठा. क्लबच्या इतिहासातलं सर्वोत्तम सायनिंग. आमच्या वेळी हा शब्द नव्हता. आम्ही म्हणायचो, अमुक मॅनेजरनं तमुक ठिकाणाहून आणलेला. बैल आणतात तसा, कांद्याचं रोप आणतात तसा. जमलेले दहा-बारा जण, मी सोडून सगळे पुरुष, सगळ्यांची पोटं टेबलाला टेकलेली. माझे यजमान परवाच न्हाव्याकडे जाऊन केस काळे करून आले होते. घरी ते या भिंतीबद्दल एक शब्द बोलले नव्हते. पण ज्या पेंटरला हे काम मिळणार होतं त्याच्या दुकानात जाऊन, चेहरा समोरून काढतात की एका बाजूनं, अशी चौकशी त्यांनी केली होती. पेंटरची बायको माझ्या भिशीत आहे. त्यांना ती भिंत हवी होती. शहात्तर वर्षांच्या माणसाला आयुष्यात दुसरं काही हवं असलेलं मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. जेवायला काय करू विचारलं तरी काहीही कर म्हणतात. आणि ही एवढी मोठी हाव मनात धरून माणूस तीन रात्री कूस बदलत पडतो आणि सकाळी म्हणतो, उकडत होतं.

स्वस्त म्हणाला तो. स्वस्त कशाला म्हणतात ते मी सांगू शकले असते. वडील गेल्यावर आई मला घेऊन भावाकडे विहितगावला आली, तेव्हा भिमाजीमामाची लाकडाची वखार होती आणि नवजवानचे गोलपोस्ट त्याच्या वखारीतल्या सागाचे होते. म्हणून तो मॅनेजर. बाकी काही कारण नव्हतं. लष्कराच्या कॅम्पातले गोरखे आणि मद्रासी सोल्जर खेळायचे, ते बघून गावची पोरं शिकली, आणि त्या पोरांना बघून मी. मैदानाच्या कोपऱ्यावर एका पडक्या विहिरीचा कठडा होता. तिथे बसलं की सगळं मैदान ताटासारखं दिसायचं. मी परकरात होते तेव्हापासून तिथे बसायचे, आणि लुगड्यात आले तरी बसायचे. मामाचा धाक होता म्हणून कोणी बोलायचं नाही. मला पळणाऱ्याच्या पायापेक्षा त्याच्या खांद्यावरून कळायचं की चेंडू कुठे जाणार. हे कोणी शिकवलं नव्हतं. काही बायकांना पातेल्याच्या वासावरून मीठ कळतं, तसं. कोल्हापूरच्या कुठल्याशा पेठेतला सर्जेराव नावाचा पोरगा मामानं एका स्पर्धेत पाहिला आणि उचलून आणला, तेव्हा सगळा गाव त्याच्यामागे पिसाळला. गोरा, उंच, केस मागे फिरवलेले, चेंडू छातीवर घेऊन बायकांच्या बाजूला बघायचा. मी सरावाचे चार सामने बघितले आणि मामाला जेवताना म्हटलं, याला डावा पाय नाहीच, आणि चेंडू गेला की हा उभा राहतो, मागे येत नाही. मामा म्हणाला, "तू भाकरी वाढ." वाढली.

तेव्हा तालुक्याच्या स्पर्धेचा नियम असा होता की बाहेरगावचा खेळाडू चालणार नाही. नियम कुणी केला तर आमच्याच मामानं, मालेगावची पोरं आणणाऱ्या एका संघाला अडवायला. आता तोच नियम त्याच्या गळ्यात आला, आणि कोल्हापूरचा सेंटर फॉरवर्ड वखारीत लाकडं मोजत बसला. पंचांपैकी एक यज्ञेश्वर भटजी होते, पंचवटीत यजमानांचे विधी करायचे आणि दुपारनंतर शिट्टी वाजवायचे; त्यांनीच वाट काढून दिली. म्हणाले, गावचा जावई तो गावचाच, शास्त्रातही आणि व्यवहारातही. झालं. मामाला तीन मुली होत्या, दोघी लग्न झालेल्या आणि एक सात वर्षांची. उरले मी. ते दुष्काळाचं साल होतं, त्यामुळे लग्न एवढं घाईनं आणि साधं का, हे कोणाला सांगावं लागलं नाही. यांच्या आधीसुद्धा नवजवाननं दोघे-तिघे असे बांधून घातलेले होते. एक गोलकीपर पळशाला दिलेल्या मुलीचा दीर निघाला, एकाला तर चुलत मेहुणा ठरवला. पण खुद्द लग्न लावून आणलेला हा एकच. हळद उतरायच्या आत हे मैदानात उतरले. पिवळे हात, पिवळी मान. कॅम्पातली पोरं बाहेरून ओरडत होती, "ए हळद्या, सासूकडे पास दे!" आणि मी नव्या नवरीच्या शालूत शामियान्यात बसले होते, मामीच्या बाजूला, हातात ग्लुकोजची तांब्याची कळशी. शामियाना गोलपोस्टाच्या पाठीमागे एका अंगाला होता. तिथून अर्धंच मैदान दिसायचं. गावच्या जावयाची बायको विहिरीच्या कठड्यावर बसत नाही. आम्ही ती फायनल जिंकलो. त्यातला गोल मैदानाच्या पलीकडच्या अर्ध्यात झाला. मी तो पाहिला नाही. फक्त आवाज ऐकला, आणि मामी म्हणाली, तुझ्या नवऱ्यानं मारला गं. पुढे तीन मोसम मी अर्धं मैदान बघत काढले. मग यांच्या गुडघ्यातलं काहीतरी तुटलं, आवाज शामियान्यापर्यंत आला, आणि ते खेळाच्या बाहेर गेले. अंबडच्या एका कारखान्यात गेटवर नोकरी लागली, मामाच्याच ओळखीनं. लंगड्या खेळाडूची बायको कुठे बसते याकडे गावाचं लक्ष नसतं. दुसऱ्या वर्षी मी पुन्हा कठड्यावर होते. यांचा गुडघा गेला तेव्हा मला माझं मैदान परत मिळालं. असं वाटणं वाईट आहे हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी त्या संध्याकाळी मी शेंगा घेऊन गेले आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत एकटीनं खाल्ल्या.

"सर्जेरावकाका आपल्या जागी ग्रेटच," योगेश म्हणत होता, "पण भिंतीवर इम्मा पाहिजे. ज्ञानेश सरांनी आणला म्हणून म्हणत नाय मी. पण पब्लिक कोणासाठी यायचं? पोरी यायच्या राव मॅचला!" ज्ञानेश सर म्हणजे आत्ताचा मॅनेजर, शिट्टीऐवजी टॅब घेऊन फिरतो. इम्मा म्हणजे इमॅन्युएल, पुण्यात शिकायला आलेला नायजेरियाचा मुलगा. एक मोसम खेळला, चांगला खेळला, आमच्याकडे दोनदा भाकरी-पिठलं खाऊन गेला आणि मिरची तोंडात गेल्यावर हसत हसत रडला. या लोकांना त्याचं पूर्ण नाव येत नाही. त्याच्यासोबत काढलेले फोटो मात्र प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. आल्हादनं गोलांची सरासरी काढली. आल्हाद बँकेतून निवृत्त झालाय आणि पहाटे उठून इंग्लंडमधले सामने बघतो. त्याला वाटतं तिकडचा उकाडा-थंडीसुद्धा त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते. "परसेंटेजवाइज," तो म्हणाला, "इम्मा इज अहेड. काका सेकंड. गोलकीपरला कम्पेअर करता येत नाही, तो वेगळा डेटासेट आहे." महेशभाऊ त्यावर उखडले. ते नोटा छापायच्या प्रेसमध्ये होते, सरळ माणूस, सरळ म्हणजे वळवता न येणारा. "डेटासेट गेला खड्ड्यात! मुश्ताक नसता तर नवजवान राहिलं असतं का? सुभेदारसाहेबांनी मालेगावला जाऊन, यंत्रमागाच्या खोलीतून उचलून आणला त्याला. आपलं लय मोठं भाग्य. त्या सेमीफायनलला कशी डाइव्ह मारली होती त्यानं, आडवा, हवेत!"

मारली नव्हती. मुश्ताक कधीच डाइव्ह मारत नसे, आणि त्याचा सगळ्यात मोठा भक्त त्याचं कौतुक करत होता ते न मारलेल्या उडीसाठी. सुभेदार म्हणजे मामानंतरचा मॅनेजर, कॅम्पातून निवृत्त झालेला, माणसाकडे घोड्याकडे बघावं तसं बघणारा; तोवर बाहेरगावच्या खेळाडूचा नियम उठला होता. त्यानं एवढी एकच गोष्ट आयुष्यात नीट बघितली. मुश्ताक लहानपणापासून मागांच्या खडखडाटात वाढला होता, त्याला कमी ऐकू यायचं. बॅकवाल्यांच्या हाका त्याला कळत नसत, म्हणून सुभेदारानं त्यांना हातवारे शिकवले. लोक म्हणायचे नवजवानची पोरं मैदानात माश्या हाकलतात. पण ऐकू येत नसल्यामुळे तो लोकांच्या आवाजानं हलायचा नाही. जिथे चेंडू येणार तिथे तो आधीच उभा असायचा, दोन पावलं सरकून, हात खाली, बसची वाट बघत असावा तसा. आणि चेंडू त्याच्या छातीवर आला की लोक म्हणायचे, मारणाऱ्यानं नेम चुकवला. सहा मोसम मी कठड्यावरून त्याला बघितलं. सहा मोसम मला वाटत होतं, या मैदानात खेळ बघणारी दोनच माणसं आहेत, एक इथे बसलेलं आणि एक तिकडे जाळ्यासमोर उभं. एकदा सामना संपल्यावर तो माझ्यासमोरून गेला आणि मी हातानं दाखवलं, डावीकडे थोडं जास्त सरकतोस. तो थांबला, विचार केला, मान हलवली. पुढच्या सामन्यात सरकला नाही. माझ्या लग्नाच्या आयुष्यात माझं म्हणणं कोणी एवढ्या झटपट ऐकल्याचं मला आठवत नाही. हे तेव्हा बाहेर पाण्याची पिशवी घेऊन उभे असायचे, ओरडायचे, "मुश्ताक, लेका, पुढं ये की!" त्याला ऐकू येत नाही हे यांना सहा मोसमांत कळलं होतं की नाही कोण जाणे.

शेवटी हात वर करायचं ठरलं. जिलेब्या आल्या होत्या, बोटं पाकानं चिकट झालेली, तसेच हात वर. इम्माला कमी पडले, योगेश म्हणाला, "जाऊ द्या, तो काय बघायला येणार नाय." मुश्ताक आणि सर्जेराव यांना सारखे. यांनी स्वतः हात वर केला नव्हता. मांडीवर दोन्ही हात ठेवून, पूजेला बसल्यासारखे बसले होते, आणि अंगठा बोटांवरून फिरत होता. "टाय झाला टाय!" योगेश ओरडला. "आता काकू सांगतील. काकू, तुम्ही मॅनेजरची भाची. तुम्ही म्हणाल तो भिंतीवर, फायनल." महेशभाऊ कुरकुरले, "त्या काय, घरच्याच माणसाला घालणार ना मत. विचारून काय उपयोग?" "मग घालू द्या की! घरी जेवायचंय त्यांना," योगेश म्हणाला आणि पुन्हा सगळे हसले. एकालाही वाटलं नाही की मला खेळावरून काही मत असेल. तरी प्रश्न विचारला गेला होता. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात या क्लबच्या माणसांनी मला पहिल्यांदा फुटबॉलबद्दल काही विचारलं होतं, आणि तेही चेष्टेत. मला जाणवलं की मी उत्तर तयार करतेय, केव्हापासून तरी करतेय; डाइव्हचं खोटं, ते दोन पावलं सरकणं, सगळं ओळीनं. आणि त्याच वेळी डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो अंगठा दिसत होता, करंगळीपर्यंत जाऊन परत येणारा. त्यांना ती भिंत किती हवी आहे हे इथे फक्त मला माहीत होतं. मी एक शब्द बोलले की ती त्यांना मिळणार होती. आणि मी तो शब्द बोलणार नव्हते. लग्न लावून घेता येतं, भाकरी वाढता येते, कळशी घेऊन अर्ध्या मैदानापुढे बसता येतं. पण खेळाच्या बाबतीत मी आजवर खोटं बोलले नव्हते, कारण कोणी बोलायलाच सांगितलं नव्हतं. तेवढं एक माझ्याकडे स्वच्छ उरलेलं होतं. मी तोंड उघडलं.

"थांबा," हे म्हणाले. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन थोडे वर झाले. "तिला कशाला मधी घालताय. मी सांगतो की. मुश्ताक. त्याच्यावानी कोण न्हवतं. माझं नाव काढून टाका."

मग महेशभाऊ उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. "ह्याला म्हणतात खेळाडू," ते म्हणाले. "ह्याला म्हणतात मोठं मन. अरे, स्वतःचं नाव काढ म्हणणारा माणूस... मी माझं मत बदलतो. लिहा, सर्जेराव!" योगेश टाळ्या वाजवायला लागला, आल्हादनं मोबाइल खाली ठेवला, याहून मोठा सन्मान त्याच्याकडे नाही. मुश्ताकसाठी वर झालेले सगळे हात आता सर्जेरावांसाठी वर झाले, पाकानं चमकणारे. "नको, नको, ऐका तरी," हे म्हणत होते. जितकं नको म्हणत होते तितका जोर चढत होता. मी त्यांना चांगलं ओळखते, म्हणजे ओळखते असं मला वाटत होतं. त्या चेहऱ्यावर डाव होता की नव्हता हे मला त्या वेळी सांगता आलं नाही. मी उभी राहिले आणि शक्य तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "माझं मत मुश्ताक. तो डाइव्ह मारत नव्हता, महेशभाऊ. तो आधीच तिथे असायचा." सगळे माझ्याकडे वळले आणि त्यांचे चेहरे लोण्यासारखे झाले. "बघा, बघा," योगेश म्हणाला, "जोडी कशी आहे बघा! दोघंही सारखीच. काकू, पाया पडतो तुमच्या." आणि पडला. साखळी माझ्या पायावर आपटली. मी खाली वाकलेल्या त्या डोक्याकडे बघत उभी राहिले. असल्या डोक्यांच्या हाती नवजवान आहे, मैदान आहे, भिंत आहे, आणि मामापासून ते असंच होतं. मग त्यांनी पेंटरला फोन लावला, आणि कोणाचा आवाज मोठा यावरून फोन हातोहात फिरायला लागला.

आम्ही दोघेच टेबलाशी उरलो. त्यांनी समोरची ताटली थोडी पुढे सारली, पुन्हा मागे घेतली.

"तू मुश्ताकच म्हणणार हुतीस न्हवं?"

"हो."

"म्हायती हुतं."

"मग आधी का बोललात?"

"तुझ्या तोंडनं ऐकायचं न्हवतं," हे म्हणाले, नेहमीच्या आवाजात, मीठ मागावं तसं.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ते किती चांगले होते आणि किती नव्हते, हे मला माहीत आहे हे त्यांना ठाऊक होतं. आजपासून नाही, कदाचित त्या पिवळ्या हातांच्या दिवसापासून. आणि मी एवढी वर्षं एका अजाण माणसाला मनातल्या मनात कमी लेखत आले होते. तुच्छ मानायला समोरचा माणूस बेसावध असावा लागतो, नाहीतर त्यात काही राम नाही. मला एकदम फसवल्यासारखं वाटलं. लांबून महेशभाऊ फोनवर ओरडत होते, "समोरून काढ, समोरून! दोन्ही डोळे दिसले पाहिजेत!"

"मुश्ताकला निरोप धाडायचा का?" हे म्हणाले. "मालेगावात असंल की अजून. नातवाकडनं कळवता येईल."

"काय कळवणार?"

"की चुकीचा माणूस चढला म्हणून. भिंतीवर."

"नको," मी म्हणाले. "तो ताबडतोब बघायला येईल. भिंतीसमोर उभा राहील आणि सगळ्यांदेखत तुम्हाला मिठी मारेल. ते मला बघवणार नाही."